कृष्णेचा महापूर: अलमट्टीशी भांडताना आपल्या पूरपट्ट्याचं काय?

कृष्णाकाठचा
सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर येऊन थांबलं आणि उतरल्यावर स्वयंपाकघरात वीतभर गाळ ठेवून गेलं. आईचं लग्नातलं कपाट फुगून उघडेना, शेवटी पहारीनं फोडलं. २०२१ ला पुन्हा तेच.

तेव्हापासून प्रत्येक बैठकीत आणि मोर्चात एकच नाव ऐकतोय, अलमट्टी, कृष्णेवरचंच खाली कर्नाटकातलं धरण. कर्नाटकानं पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर नेऊ नये, याबद्दल माझं दुमत नाही. पण २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं मुख्य दोष अलमट्टीला दिला नव्हता. तिनं अतिवृष्टीवर आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. ते पान आपण वाचतच नाही.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशावर दोन्ही आहेत. जमिनीवर मात्र निळ्या रेषेच्या आत मुरमाचे डंपर रिकामे होतात, ओढे बुजतात आणि प्लॉट पडतात. नदीला पसरायला जागा आपणच ठेवली नाही. शासनानं पहिलं काम इथं करावं.

मळीचं रान
शिरोळ तालुक्यातून लिहितोय. दादा, तुमच्या शहरात प्लॉट पडले असतील, माझ्या रानात कुठलं अतिक्रमण आहे? कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, चारी नद्यांचं पाणी आमच्याकडं येतं. ते आजोबांच्या काळातही यायचं. नृसिंहवाडीत पाणी पादुकांवरून जातं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा म्हणून आम्ही स्नानाला जातो. आमचं भांडण पाणी येण्याशी नाही, ते तुंबून राहण्याशी आहे.

पूर्वी पाणी चढायचं तसं उतरायचं आणि मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, चांगला गाळ टाकून जायचं. आता पाऊस उघडून आठ दिवस झाले तरी ऊस पाण्यात उभा. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गढूळ पाणी शिरलं की तो ऊस संपला. वरून हिरवा दिसतो, पोंगा ओढला की कुजका वास मारत हातात येतो. खालच्या धरणामुळं पाणी मागं तुंबतं तो फुगवटा, ज्यानं हे बघितलंय त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. समितीचा अहवाल मला मान्य नाही.

सांडव्यावरचा
पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. उतारच इतका कमी की शिरोळपासून खाली पाणी सावकाशच सरकणार. त्यात खाली कर्नाटकात हिप्परगी बंधाऱ्याला आणि अलमट्टीला पाणी जास्त धरलं तर भर पडते, एवढं मळीवाल्यांचं मी मानतो. पण वरच्या बाजूचं कुणीच बोलत नाही.

कोयना १०५ टीएमसीचं धरण. त्यावर वीज आहे, शेती आहे. ऑक्टोबरला ते भरलेलं नसेल तर वर्षभर बोलणी बसतात. त्यामुळं लवकर भरून घेण्याकडं कल राहतो, आणि मोठा पाऊस आला की पोटात जागा नसते. मग कोयना, वारणा, धोम, कण्हेर सगळ्यांचा विसर्ग एकाच वेळी. राधानगरीला तर स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरल्या पातळीला आलं की आपोआप उघडणार. जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्या तारखेला किती पाणी ठेवायचं हे परिचालन सूचीत ठरतं. ती सूची पुराला पहिला मान देऊन नव्यानं करा, आणि महाबळेश्वरापासून अलमट्टीपर्यंतच्या धरणांचे निर्णय एकाच टेबलावर घ्या. आपण धरणं रिकामी ठेवायची तयारी दाखवली तरच कर्नाटकाकडं तोंड वर करून मागता येईल.

दुष्काळी पट्टा
पुराचं पाणी आमच्याकडं वळवायची योजना जागतिक बँकेच्या मदतीनं आखलीय. ती लवकर करा. तुम्हाला नको झालेलं पाणी आम्हाला हवंय.

सांडव्यावरचा
तुमचे तलाव भरायला ते जरूर न्यावं. ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांचे पंप पुरात चालवलेही आहेत. पण महापूर लाखांतल्या क्युसेकनं येतो, पंप तेवढं उचलू शकत नाहीत. त्या भरवशावर सांगलीकरांनी राहू नये.

गुंठेवारीतला
धागाकर्त्यांनी डंपर आणि प्लॉट लिहिलंय, तो प्लॉट माझाही आहे. दीड गुंठा. वडिलांनी हमालीच्या पैशातून घेतला. गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले असे विनापरवाना प्लॉट नियमित करायचा २००१ चा गुंठेवारी कायदा आला, पैसे भरून नियमित करून घेतला. नळ दिला, रस्ता दिला, घरपट्टी घेतात. आता म्हणायचं तू पूरपट्ट्यात आहेस, ऊठ. उठून जाऊ कुठं?

पंचगंगेवर शिरोली पुलापाशी महामार्गाचा भराव बघा. २०१९ ला आणि २०२१ ला हायवे तिथं बंद पडला. रत्नागिरी-नागपूर रस्त्याचं तेच, अंकलीच्या बाजूला भर पूरपट्ट्यात भराव. तो काढून कमानींचा पूल करा म्हणून गावं ओरडतायत. तो भराव अडवतो तितकं पाणी माझं दीड गुंठ्याचं घर अडवतं का? आधी सरकारनं आपली माती काढावी, मग माझ्या विटांना हात लावावा.

कृष्णाकाठचा
तुमचं बरोबर आहे. मी सगळ्यांना एकाच मापानं मोजलं, ते चुकलं. भरावांचं मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. मळीवाल्यांना मात्र एवढंच सांगेन, अलमट्टीचा निकाल दिल्लीत लागेल तेव्हा लागेल. परिचालन सूची, भराव आणि नवी बांधकामं या तीन गोष्टी मुंबईच्या हातात आहेत, त्या येत्या पावसाळ्याआधी मागू.

गुंठेवारीवाले, निळ्या रेषेबाहेर, शहरातच, तुमच्या नावावर जागा आणि बांधायला पैसे दिले तर जाल का?

गुंठेवारीतला
कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दिली तर जाईन. आईला विचारलं, ती पण येईल म्हणते. भिंतीवर पुरांच्या रेघा मारून ठेवल्यात, २०१९ ची तिच्या डोक्याच्या वर आहे. पण आधी सातबारा हातात, मग घर पाडायचं. उलट नाही.

मळीचं रान
रान उचलून नेता येत नाही. मी अलमट्टीवर ठाम आहे. भरावाच्या मोर्चाला मात्र ट्रॅक्टर घेऊन येतो, तारीख सांगा.