'ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: नमस्कार मंडळी. आम्ही दोघं इंग्लंडमध्ये रेडिंगला पहिलं घर शोधतोय. बँकेनं 'ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल' दिलंय. साताऱ्याहून सासरे रोज विचारतात, कर्ज मंजूर झालं का? त्यांना 'तत्त्वतः मंजुरी' लिहू की 'प्राथमिक मंजुरी'? आणि या कागदावर विसंबावं तरी किती?

प्रतिसाद: 'तत्त्वतः मंजुरी'च. सरकारी मराठीत रुळलेला शब्द आहे, वेगळा घडवायची गरज नाही.

प्रतिसाद: रुळलेला आहे, म्हणूनच इथे नको. मंत्रिमंडळानं एखाद्या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली म्हटलं की निर्णय झाला, तपशील उरले, असं आपण समजतो. इथे निर्णय व्हायचाच आहे. तुम्ही पगार, खर्च, देणी यांचे आकडे भरलेत, बँकेनं एक्सपिरियन किंवा इक्विफॅक्ससारख्या संस्थेकडची तुमची पत पाहिली आणि सांगितलं, "हे सगळं खरं असेल तर साधारण एवढं देऊ शकू." पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं अजून कुणी तपासलेली नसतात. घर तर बँकेनं पाहिलेलंच नसतं.

आणि गाडी बऱ्याचदा अडते ती तिथेच. समजा, ३,४०,००० पौंडांना सौदा ठरला. १० टक्के तुमचे, ३,०६,००० कर्ज. बँकेच्या मूल्यमापकानं घराची किंमत ३,२५,००० लावली, तर ९० टक्क्यांच्या हिशेबानं बँक २,९२,५०० देईल. वरचे १३,५०० कुठून आणणार? तुमचा पगार तोच, पत तीच, तरी कागदावरची रक्कम हाती येत नाही. फ्लॅट असेल तर लीजची किती वर्षं उरलीत आणि बाहेरचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतींवरचं आवरण, कसलं आहे, यावरूनही नकार येतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीत २०१७ मध्ये अशा आवरणामुळे आग पसरली, त्यानंतर तर बँका हे फार काटेकोरपणे बघतात.

माझ्या मते 'कर्जपात्रतेचा प्राथमिक अंदाज' हे खरं नाव. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

प्रतिसाद: 'अंदाज' फार पातळ होतो हो. एस्टेट एजंट हा कागद पाहिल्याशिवाय तुमची खरेदीची ऑफर विकणाऱ्याकडे न्यायला सहसा तयार होत नाहीत, म्हणजे त्याला बाजारात वजन आहे. 'प्राथमिक पात्रतापत्र' कसं वाटतं? भारतातलं 'सँक्शन लेटर' मात्र याच्या बरोबरीला धरू नका. तिथे पगार आणि आयकराचे कागद आधी तपासलेले असतात, मिळकतीचा सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी) आणि मूल्यांकन तेवढं राहिलेलं असतं.

प्रश्नकर्ती: 'पात्रतापत्र' आवडलं. पण मुदत ९० दिवसांची आहे. तोवर तरी बँक बांधील असते ना?

प्रतिसाद: नाही. मुदत म्हणजे तेवढ्या दिवसांत तो कागद एजंटला दाखवता येतो, एवढंच. व्याजदर त्यात धरून ठेवलेला नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटन सरकारच्या करकपातीच्या 'मिनी बजेट'नंतर व्याजदर उसळले आणि बँकांनी शेकडो कर्जयोजना रातोरात मागे घेतल्या, तेव्हा हातात असले कागद असलेल्यांनाही नव्यानं, चढ्या दरानं अर्ज करावे लागले.

तीन गोष्टी मनापासून सांगते. आकडे भरताना बोनस आणि ओव्हरटाइम पूर्ण धरू नका. बऱ्याच बँका त्याचा काही भागच मोजतात. व्हिसावर असाल तर किती मुदत उरली आहे ते आधीच सांगा, नंतर निघालं तर सगळं पहिल्यापासून. आणि मतदारयादीत नाव घाला. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून तिथे कायदेशीरपणे राहत असतील तर त्यांना मतदार होता येतं, आणि पत्ता पडताळायला बँका ती यादी बघतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं.

प्रश्नकर्ती: हे खरंच माहीत नव्हतं, आभार. मग सासऱ्यांना 'मंजूर' कधी लिहू?

प्रतिसाद: 'मॉर्गेज ऑफर', म्हणजे बँकेचा कर्जाचा अधिकृत देकार, हाती आली की. ती कागदपत्रं आणि मूल्यमापन झाल्यावरच येते. त्याआधी 'एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स', म्हणजे खरेदीच्या सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, अजिबात करू नका. आपल्याकडे इसार देऊन सौदा बांधतात. इंग्लंडमध्ये विकणाऱ्यानं तुमची खरेदीची ऑफर स्वीकारली तरी दोन्ही बाजू मोकळ्या असतात, आणि एक्स्चेंजच्या वेळी साधारण १० टक्के भरले की मागे फिरता येत नाही. तोवर कर्ज फिसकटलं तर सर्व्हे आणि सॉलिसिटरचा खर्च बुडेल, पण मुद्दल शाबूत राहील.