जोनी मिचेल जॅझकडे का वळल्या?

धरमपेठेतला शिकाऊ
नमस्कार. दीड वर्षापासून गिटार शिकतो आहे. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांचा १९७१ चा ‘ब्लू’ हा अल्बम मला जवळजवळ पाठ आहे. परंतु १९७६ च्या ‘हेजिरा’पाशी माझी गाडी अडते. चाल ओठांवर बसत नाही आणि बास गिटार मध्येच गाऊ लागते. १९७४ चा ‘कोर्ट अँड स्पार्क’ अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला असताना त्यांनी जॅझची ही आडवाट का धरली असावी?

सदरचा जुना श्रोता
ती वाट त्यांच्या डाव्या हातातच होती, असे मला वाटते. नवव्या वर्षी, कॅनडात असताना, त्यांना पोलिओ झाला आणि तो हात दुबळा राहिला. पुढे गिटारच्या अवघड कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बोटांना पेलेनात, तेव्हा त्यांनी खुंट्या पिळून वाद्यच आपल्या सोयीने लावले, आणि अशी पन्नासएक ट्यूनिंग वापरली. त्यातून निघालेल्या कॉर्ड धड मेजर नव्हेत, धड मायनर नव्हेत. मिचेल स्वतः या कॉर्डना ‘विचारणा करणाऱ्या कॉर्ड’ म्हणत. त्यांच्याखाली काय वाजवावे हे रॉकच्या वादकांना उमगेना, म्हणून एका ड्रमवादकानेच त्यांना जॅझचे वादक घेण्यास सुचवले. ‘कोर्ट अँड स्पार्क’वर टॉम स्कॉट यांचा एल. ए. एक्स्प्रेस हा जॅझ चमूच आहे; म्हणजे वळण तुमच्या आवडत्या यशाच्या आधीच आले होते.

बासचे म्हणाल, तर ‘हेजिरा’च्या काही गाण्यांत जॅको पास्टोरियस यांचा बास बिनपडद्यांचा आहे. सतार आणि सरोद यांत जो फरक, तोच येथे: सूर घसरत येतो, मींड ऐकू येते. तो साथ करतो असे न मानता जुगलबंदी म्हणून ऐकून पाहा.

खामल्याची वाचक
काकांचे म्हणणे पटते, पण सगळेच प्रयोग साधले असे मी म्हणणार नाही. जॅझचे बासवादक आणि संगीतकार चार्ल्स मिंगस यांनी आजारपणात आपल्या चाली देऊन मिचेल यांना बोलावले. त्यांवर त्यांनी शब्द रचले, आणि जानेवारी १९७९ मध्ये मिंगस गेल्यानंतर काही महिन्यांनी ‘मिंगस’ हा अल्बम आला. मला तो आदराने जरा अवघडलेला वाटतो. त्याउलट, तरुणपणी लख्ख आवाजात म्हटलेले ‘बोथ साइड्स नाउ’ त्यांनी २००० च्या अल्बमात वाद्यवृंदासह, खोल आणि खरबरीत आवाजात पुन्हा म्हटले आहे. जॅझने त्यांना काय दिले, ते मला तेथे ऐकू येते.

धरमपेठेतला शिकाऊ
काका, ताई, आभार. काल रात्री सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली तार उतरवून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी असे लावले. एकही बोट न ठेवता पूर्ण कॉर्ड वाजली! मात्र कूलरसमोर बसल्यामुळे अर्ध्या तासात तारा आपणहून बेसूर झाल्या, आणि त्यातून जे निघाले त्याची विचारणा फक्त शेजाऱ्यांनी केली.