लातूरहून मुंबई, तीन दिवस, सोबत आई आणि मुले: आज रात्रीपर्यंत मदत हवी आहे

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये सहकुटुंब तीन दिवस मुंबई पाहायला जाण्याचे ठरले आहे. रेल्वेची तिकिटे काढून झाली आहेत, पण राहायचे कोठे आणि कोणत्या दिवशी काय पाहायचे यावर आठवडाभर घरात नुसती चर्चाच चालू आहे. ज्या लॉजशी बोलणे झाले त्यांनी आज रात्रीपर्यंत आगाऊ रक्कम भरा, नाहीतर खोल्या दुसऱ्याला देऊ, असे कळवले आहे. माझी यादी अशी: घारापुरी, कान्हेरी, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, सिद्धिविनायक, हाजी अली, मत्स्यालय, म्हातारीचा बूट आणि मरीन ड्राइव्ह. पहिल्या दिवशी दक्षिण मुंबई, दुसऱ्या दिवशी सकाळी घारापुरी व दुपारनंतर कान्हेरी, राहिलेले तिसऱ्या दिवशी. हे जमेल का, आणि मुक्काम दादरला करावा की सीएसएमटीजवळ, एवढेच कृपया सांगावे.

गिरगावची लेक:
दादा, आपला दुसरा दिवस म्हणजे कोणता वार? आईंचे वय काय, त्यांना जिने चढता येतात का, मुले केवढी आहेत, हे काहीच आपण लिहिलेले नाही. ते कळल्याशिवाय दिलेला सल्ला उपयोगाचा नाही.

दादर पश्चिम:
डोळे झाकून दादरला उतरा. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांच्या लोकल तेथे मिळतात, सिद्धिविनायक व शिवाजी पार्क जवळ आहेत आणि मराठी जेवण हाताशी आहे. आमच्याकडे गावाहून येणारे सगळे पाहुणे दादरलाच राहतात आणि आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. फक्त ६ डिसेंबरच्या आसपास येत असाल, तर चैत्यभूमीवर महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो लोक आलेले असतात, त्या दिवसांत खोली मिळणे कठीण जाते.

सह्यभ्रमंती:
मी म्हणेन की मुंबईत एकच दिवस काढावा आणि उरलेले दोन दिवस अलिबागला जावे. गेटवेहून मांडव्याला बोट जाते, तेथून पुढे बस मिळते, आणि कुलाब्याचा किल्ला ओहोटीच्या वेळी चालत जाऊन पाहता येतो. मुंबईतल्या एका दिवसासाठी उघड्या छताची दुमजली बस घ्यावी, सगळ्या जुन्या इमारती बसल्या जागी पाहून होतात.

गिरगावची लेक:
ती उघड्या छताची जुनी बस २०२३ मध्येच बंद झाली. आणि विचारणाऱ्यांनी मुंबईबद्दल विचारले आहे, अलिबागबद्दल नाही.

मांजराकाठ:
वाराचा येथे काय संबंध ते कळले नाही, तरी सांगतो. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रविवारी सकाळी सीएसएमटीला उतरणार आणि मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. मुले अकरा आणि सहा वर्षांची, आई एकाहत्तर वर्षांची, पत्नी आणि मी. आईच्या डाव्या गुडघ्याला त्रास आहे, सपाटीवर ती हळूहळू चालते. तिने आजवर समुद्र पाहिलेला नाही. मुख्य म्हणजे तिच्यासाठीच हा सगळा बेत आहे. दादर की सीएसएमटी, तेवढे सांगा.

गिरगावची लेक:
वाराचाच तर सगळा संबंध आहे, दादा. आपला दुसरा दिवस सोमवार निघाला, आणि सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. कान्हेरीही सोमवारी बंद असते. म्हणजे आपल्या बेतातला तो अख्खा दिवस हातचा गेला असता आणि बोरिवलीपर्यंतचा हेलपाटा वेगळाच. राणीची बाग बुधवारी बंद असते, त्यामुळे सोमवारी ती खुशाल पाहता येईल. सिद्धिविनायकाला मंगळवारी फार मोठी रांग लागते, तेही दर्शन सोमवारी उरकावे. घारापुरी मंगळवारी करावी. मत्स्यालय यादीतून काढा, मरीन ड्राइव्हवरचे ते जुने मत्स्यालय गेली काही वर्षे बंदच आहे.

लेणीवेडा:
एकाहत्तर वर्षांच्या आईंना घारापुरीला नेण्याचा आग्रह मला पटत नाही. त्यापेक्षा कान्हेरी चांगली. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत, राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत वाहन जाते, बोटीचा त्रास नाही, आणि तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृह पाहून मुले थक्क होतील.

गिरगावची लेक:
कान्हेरीलाही खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेतच, आणि तेथे समुद्र नाही. त्यांच्या आईंना समुद्र पाहायचा आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

वसईकर नाना:
मी माझ्या वडिलांना त्यांच्या पंच्याहत्तरीत घारापुरीला नेले होते, म्हणून सविस्तर लिहितो. बोटीचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. उतरल्यावर लांबलचक धक्क्यावर छोटी आगगाडी असते, तीत आईंना बसवावे. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते, चार जण खुर्ची खांद्यावर उचलून नेतात. भाव आधीच ठरवून घ्यावा. मला खरी काळजी वाटली ती पायऱ्यांची नव्हे, तर गेटवेला बोटीत चढण्याची. धक्क्याला कधी कधी दोन-तीन बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात आणि पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाय टाकावा लागतो. दोन्ही बोटी वेगवेगळ्या हेलकावतात. माझ्या वडिलांचा एक पाय या बोटीच्या कडेवर आणि दुसरा अधांतरी असताना खलाशाने त्यांचे कोपर घट्ट धरले आणि "बाबा, लाट खाली जाऊ द्या, मग टाका पाय" असे शांतपणे सांगितले. आपणही आईंना घाई करू देऊ नका. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या प्रवासी बोटीला अपघात होऊन जीव गेले आहेत, तेव्हा पाचही जणांनी जीवरक्षक जाकीट घातल्याखेरीज बोट सुटू देऊ नये. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक गाठा आणि हातात खाण्याची पिशवी उघडी ठेवू नका, तेथील माकडे ती ओढून नेतात.

दादर पश्चिम:
हे सगळे खरे, पण मुक्कामाचे काय? मी अजूनही दादरच म्हणेन.

वसईकर नाना:
दादर गैरसोयीचे नाही, पण यांची बहुतेक ठिकाणे दक्षिणेला आहेत. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी आठ ते अकरा या वेळेत सीएसएमटीकडे जाणारी लोकल म्हणजे आईंसाठी शिक्षाच. फलाट आणि डबा यांतील अंतर आपल्याला सवयीने जाणवत नाही, पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला ते ओलांडायला दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ गर्दी देत नाही. शिवाय रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास बऱ्याच लोकल बंद असतात.

दादर पश्चिम:
मग भुयारी मेट्रो आहे की. ती २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक ही सगळी स्थानके तिच्यावर आहेत आणि तेथे लिफ्ट आहेत.

वसईकर नाना:
हा मुद्दा मान्य. पण त्याच मेट्रोने सीएसएमटीहून सिद्धिविनायकही एका गाडीत होतो, आणि मंगळवारी घारापुरीहून थकून आल्यावर सामान घेऊन रात्रीची गाडी गाठायची आहे, तेव्हा खोली स्थानकाजवळ असलेली बरी.

काळी-पिवळी:
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, आणि टॅक्सीत चालक सोडून चारच जण बसतात. आपण पाच आहात, दोन टॅक्सींचा खर्च धरून चला. हाजी अलीला जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, म्हणून त्या दिवसाची भरती-ओहोटी पाहूनच निघा.

मांजराकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारची गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आता असे ठरवतो: रविवारी दुपारपर्यंत विश्रांती, नंतर वस्तुसंग्रहालय, आणि सूर्यास्ताला गिरगाव चौपाटी. सोमवारी सकाळी सिद्धिविनायक, पुढे राणीची बाग आणि मुलांसाठी पेंग्विन. मंगळवारी घारापुरी. कान्हेरी, हाजी अली आणि म्हातारीचा बूट पुढच्या खेपेला. सीएसएमटीजवळच्या लॉजला आत्ता पैसे भरतो.

गिरगावची लेक:
बेत चांगला झाला आहे. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो, म्हणून वस्तुसंग्रहालयातून पाचपूर्वी निघा, आणि चौपाटीवर आईंना चपला काढून ओल्या वाळूपर्यंत अवश्य न्या. पैसे भरण्याआधी मात्र लॉजला फोन करून खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का, हे विचारा. माझ्या मावशीला एका लॉजने लिफ्ट आहे असे सांगितले होते, आणि प्रत्यक्षात ती पहिल्या मजल्यावरून सुरू होत होती.

मांजराकाठ:
फोन केला. खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्टपर्यंत सात पायऱ्या चढाव्या लागतात. कठडा आहे का, ते पाहून सांगतो म्हणाले आहेत. आई शेजारीच बसली आहे. सात पायऱ्यांचे काही नाही, समुद्र खोलीतून दिसेल का तेवढे विचार, असे म्हणते आहे.