मदत हवी आहे : 'हवाना सिंड्रोम'वर लिहिताना अडलेले दोन प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मी 'हवाना सिंड्रोम'वर लेख लिहीत असून दोन ठिकाणी अडलो आहे. मेंदूविकारांचे किंवा मायक्रोवेव्ह तंत्रज्ञानाचे जाणकार असतील त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

२०१६ च्या अखेरीस क्युबाची राजधानी हवाना येथील अमेरिकी दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना घरी किंवा हॉटेलच्या खोलीत एकाएकी कर्कश आवाज, कानात दाब आणि मागोमाग भोवळ असा त्रास सुरू झाला. पुढे ग्वांगझू, मॉस्को, व्हिएन्ना येथूनही तक्रारी आल्या आणि हा मायक्रोवेव्हसारख्या लहरींच्या एखाद्या गुप्त शस्त्राचा मारा असावा, असा संशय व्यक्त झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या संचालकांसोबत भारतात आलेल्या एका अधिकाऱ्यानेही अशाच त्रासाची तक्रार केली.

पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. मायक्रोवेव्हचे स्पंद डोक्यावर पडले की आतील ऊती किंचित तापून प्रसरण पावतात, त्यातून उठलेली दाबलहर आतल्या कानापर्यंत पोहोचते आणि बाहेर काहीही वाजत नसताना माणसाला टकटक ऐकू येते. असा आवाज ऐकू येतो हे अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलन फ्रे यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभीच दाखवले होते; त्यामागचे दाबलहरीचे कारण मात्र पुढे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने स्पंदित रेडिओलहरी हेच त्यातल्या त्यात पटण्याजोगे कारण मानले. परंतु ऐकू येण्यापुरती ऊर्जा आणि इजा करणारी ऊर्जा यांत किती अंतर असते? मेंदूला इजा होण्याइतका मारा झाल्यास त्वचा आधीच तापल्याचे जाणवणार नाही का? (हवानातील एका ध्वनिमुद्रणातला आवाज रातकिड्याचा असल्याचे दोन कीटकध्वनी-अभ्यासकांनी २०१९ मध्ये दाखवले, मात्र त्याने आवाजाचा उलगडा होतो, भोवळीचा नाही.)

दुसरा प्रश्न शब्दाचा असून तो माझ्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अभ्यासात या रुग्णांच्या एमआरआयमध्ये इजेची खूण आढळली नाही, आणि २८ टक्के जणांना 'फंक्शनल' मज्जासंस्था-विकार, म्हणजे मज्जासंस्थेच्या रचनेत इजा दिसत नसताना तिचे काम बिघडण्याचा विकार, असल्याचे निदान झाले. हा शब्द मराठीत आणला की वाचक त्याचा अर्थ 'मनाचे खेळ' असा लावतात. काही वर्षांपूर्वी आतल्या कानाच्या संसर्गानंतर मला सतत भोवळ राहिली. किराणा दुकानातल्या मांडण्यांमधून जाताना पायाखालची फरशी होडीसारखी हलत असे आणि रात्री न्हाणीघरापर्यंत जायचे तर भिंतीला तळवा टेकवत जावे लागे. एमआरआय स्वच्छ आला तेव्हा डॉक्टरांनी "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" एवढे सांगून परत पाठवले. त्या दिवशी वाटलेली लाज अजून आठवते. योग्य निदान नंतर दुसरीकडे झाले, तोल सावरण्याचे व्यायाम मिळाले आणि उतार पडला.

त्यामुळे शस्त्राचा पुरावा नसणे म्हणजे आजारच नसणे, असा अर्थ माझ्या लेखातून निघू नये असे मला मनापासून वाटते. मराठी रुग्णांशी बोलणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट या निदानासाठी प्रत्यक्ष कोणता शब्द वापरतात? 'कार्यात्मक' हा कोशातला शब्द मला ठाऊक आहे. ऐकल्यावर रुग्णाची मान खाली जाणार नाही असा, ओपीडीत रुळलेला शब्द मी शोधतो आहे. मसुदा या महिनाअखेरीस द्यायचा आहे.