कॅन्ससची विजेतेपदं चार की सहा?

लॉरेन्सवारी
लॉरेन्स शहरातल्या ॲलन फील्डहाउस या स्टेडियममध्ये मॅचला गेलं की माझी मान आधी वर जाते. कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे बॅनर तिथे टांगलेत. १९५२, १९८८, २००८, २०२२ ही चार विजेतेपदं एनसीएएची, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या क्रीडासंघटनेची, राष्ट्रीय स्पर्धा खेळून आणलेली. पण त्याच पंगतीत १९२२ आणि १९२३ बसलेत, तिथे माझा घास अडकतो. तेव्हा राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती, ती आली १९३९ मध्ये. लॉस एंजेलिसच्या हेल्म्स नावाच्या बेकरीवाल्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने कितीतरी वर्षांनी जुने निकाल चाळले आणि ही बिरुदं वाटली. त्यातून १९२२ मध्ये कॅन्ससची आपल्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटात, मिझुरीशी बरोबरी! शेजाऱ्याशी निकाल लागला नाही आणि म्हणे देशात पहिले.

ज्याने १८९१ मध्ये हा खेळ शोधला, तो जेम्स नेस्मिथ जिथला पहिला कोच, त्यांना असले उसने दागिने कशाला हवेत? उतरवा ते.

फॉगभक्त
स्पर्धा नव्हती हा काय त्या पोरांचा दोष? १९२३ चा संघ कॉन्फरन्समधल्या १६ पैकी १६ मॅच जिंकला, अख्ख्या मोसमात एकच हरला. आणखी काय करायला हवं होतं? नॉर्थ कॅरोलायनासुद्धा १९२४ चं हेल्म्सचं विजेतेपद मिरवतेच की. त्यांना कोणी बोलत नाही.

आणि नेस्मिथचं कौतुक मलाही आहे, पण कॅन्ससमधला त्याचा हिशेब ५५ विजय, ६० पराभव. ‘बास्केटबॉल शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो’ असं त्याने फॉग ॲलनला, म्हणजे पुढे कॅन्ससचा कोच झालेल्या आपल्या शिष्याला, ऐकवल्याची गोष्ट सांगतात. ॲलनने ते मनावर घेतलं नाही, ५९० मॅच जिंकल्या. १९२३ च्या संघात त्याच्या राखीव बाकावर ॲडॉल्फ रप होता, ज्याने पुढे कोच म्हणून केंटकीला चार विजेतेपदं दिली. १९५२ च्या संघात डीन स्मिथ, पुढे नॉर्थ कॅरोलायनाचा नामवंत कोच. हा प्रोग्रॅम ॲलनने उभा केला, आणि ते दोन बॅनर त्या पायाचे दगड आहेत.

लॉरेन्सवारी
रप बाकावर बसला म्हणून विजेतेपद खरं होत नाही हो. गंमत बघा, राष्ट्रीय स्पर्धा व्हावी म्हणून धडपडणाऱ्यांत ॲलनच पुढे होता. १९४० ची फायनल त्याने कॅन्सस सिटीत भरवली, त्याचाच संघ फायनलला गेला, आणि इंडियानाने ६०-४२ असा धुतला. मोजपट्टी स्वतः आणायची आणि आधीचं सगळं अंदाजपंचे धरायचं? आपल्याकडेही जुन्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेतला विजय चौरंगीचाच राहतो, त्याला कोणी रणजी म्हणत नाही.

तिसरा ओव्हरटाइम
मोजपट्टी म्हणता, तर ती १९५७ ला लावा. ॲलनने विल्ट चेंबरलेन या ताडमाड खेळाडूला लॉरेन्सला आणलं. पण पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात खेळता येत नसे, आणि पुढच्या हंगामाआधी सत्तरी गाठली म्हणून ॲलनला सक्तीने निवृत्त केलं. आणलं त्याने, खेळवलं दुसऱ्याने. फायनलला नॉर्थ कॅरोलायनाने सुरुवातीला वर उडवलेला चेंडू मिळवायच्या जंपसाठी मुद्दाम आपला सगळ्यात बुटका खेळाडू विल्टसमोर उभा केला. तीन ओव्हरटाइम, ५४-५३, कॅन्सस हरला. सर्वोत्कृष्ट खेळाडू तरी विल्टच. ती हार त्याला इतकी लागली, की मानाने त्याची जर्सी वर चढवायला तो १९९८ पर्यंत आला नाही.

आता उलट बाजू. १९८८ चा, डॅनी मॅनिंग हा हुकमी खेळाडू असलेला संघ ११ मॅच हरून विजेता झाला. त्या बॅनरवर तुमचा आक्षेप नाही, आणि एक हरलेल्या १९२३ वर आहे. स्पर्धा चार-सहा रात्रींचा निकाल देते, अख्ख्या हंगामाचा नाही.

लॉरेन्सवारी
१९८८ वाल्यांनी फायनलला ओक्लाहोमाला ८३-७९ ने हरवलं. समोर उभं राहून. फरक तेवढाच, पण तोच तर मुद्दा आहे. आणि बॅनर उतरतच नाही असंही नाही. अपात्र खेळाडू खेळवला म्हणून २०१८ चा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चारांतला प्रवेश, २०२३ मध्ये रद्द झाला, १५ विजय गेले.

फॉगभक्त
ती शिक्षा होती. १९२३ च्या पोरांनी कुठला गुन्हा केला?

लॉरेन्सवारी
बरं, ११ पराभवांचा मुद्दा लागला मला. १९२३ ठेवा. १९२२ चं काय करायचं ते मिझुरीवाल्यांना विचारून ठरवा.

फॉगभक्त
मिझुरीला विचारायचं? त्यापेक्षा तुम्हीच उतरवा, मी शिडी धरतो.