हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर तंबूतला मुक्काम असावा का?

रानवाट (धागालेखक) :
गेल्या मार्गशीर्षातल्या एका शनिवारी आम्ही चौघे पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो. संध्याकाळी कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा कड्यामागचे पठार तंबूंनी भरून गेले होते. मी साठापर्यंत तंबू मोजले आणि मग मोजणे सोडून दिले. रात्री बारापर्यंत तीन ठिकाणी ध्वनिक्षेपक चालू होते. सकाळी पाहिले, तर शेकोट्यांच्या जागी काळवंडलेला कातळ होता आणि राखेत अर्धवट जळलेल्या कारवीच्या काठ्या होत्या. जी कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तिची ही अवस्था पाहून मन विषण्ण झाले. केदारेश्वराच्या गुहेत, जिथे कमरेएवढ्या गार पाण्यातून शिवलिंगाला प्रदक्षिणा घालतात, तिथे कोणीतरी खरकटा टोप विसळत होते.

हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रात्री तिथल्या प्राण्यांना शांतता आणि अंधार मिळायला हवा. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की माथ्यावरचे तंबू पूर्ण बंद करावेत. मुक्काम पाचनईत किंवा खिरेश्वरात एखाद्याच्या घरी करावा, पहाटे चढावे आणि दिवस मावळण्याआधी उतरावे. यावर आपली मते वाचायला आवडतील.

कातळवेडा :
आपण वर्णन केलेले सर्व मी पाहिले आहे आणि त्याची चीड मलाही येते. परंतु आपण सुचवलेला उपाय मला मान्य नाही. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. घोड्याच्या नालेसारखा वळलेला आणि खालच्या बाजूला आत गेलेला तो कडा सूर्य कोकणात उतरताना जसा दिसतो, तसा दुपारी दिसत नाही. आपल्या नियमाप्रमाणे उतरायचे, तर सूर्यास्त सोडून निघावे लागेल. लोक तो सोडणार नाहीत. ते सूर्यास्त पाहतील आणि मग अंधारात तोलार खिंडीच्या वाटेला लागतील. त्या वाटेवर खिंडीच्या वरच्या अंगाला कातळ आहे आणि आधाराला लोखंडी कठडे आहेत. दिवसा सोपी वाटणारी ही जागा थकलेल्या पायांनी, एकाच विजेरीच्या उजेडात उतरताना काय होते, हे मी अनुभवले आहे. आमच्यातल्या एकाचा घोटा तिथेच मुरगळला आणि दोन तासांच्या उतरणीला आम्हाला पाच तास लागले.

दुसरे म्हणजे इंद्रवज्र. दरीत ढग भरलेले असतात, सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या ढगावर संपूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटते. कडा पश्चिमेकडे असल्यामुळे हा योग सकाळच्याच उन्हात येतो. तेव्हा आपण तिथे हजर असावे लागते, आणि त्यासाठीच माणूस गडावर झोपतो.

आजोळ अकोले :
माझे आजोळ याच तालुक्यात आहे, त्यामुळे जरा वेगळी बाजू मांडतो. शनिवारी माथ्यावर तंबू लावून देणारे आणि पिठलं-भाकरी करून वाढणारे बरेचसे लोक पायथ्याच्या गावांतलेच आहेत. भातशेती एकाच पिकाची आहे आणि दिवाळीनंतर हाताला काम नसते. माझा मामेभाऊ शुक्रवारी पिठाची गोणी डोक्यावर आणि पाण्याचे डबे खांद्यावर घेऊन चढतो आणि सोमवारी उतरतो. तंबू बंद केले तर त्याचा हिवाळा बुडेल. गावात मुक्काम करा असे आपण म्हणता, ते चांगलेच आहे. पण रस्त्यालगतच्या चार-सहा घरांपलीकडे त्याचा लाभ पोहोचत नाही. खरी अडचण शहरातून बस भरून साठ-सत्तर माणसे आणणाऱ्यांची आहे. ते तंबू, आचारी आणि ध्वनिक्षेपक सारे बरोबर आणतात. गावाला गाडी लावण्याचे पैसे मिळतात आणि मागे राहतो तो कचरा.

धुके :
मुळात तंबूची गरजच काय? हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ गुहा आहेत. सतरंजी, एक उबदार पांघरूण आणि माणशी तीन लिटर पाणी एवढ्यावर आमची पिढी तिथे झोपत आली. कातळात तंबूच्या खुंट्या धड रुतत नाहीत आणि कड्यावरच्या वाऱ्याने मध्यरात्री उखडून उडालेला तंबू मी पाहिला आहे.

कातळवेडा :
धुके यांचे म्हणणे पंधरा माणसांपुरते खरे आहे. शनिवारी तिथे शेकडो माणसे असतात आणि गुहेत तेवढी मावत नाहीत.

रानवाट :
कातळवेडा, उतरणीचा मुद्दा मला मान्य आहे. 'दिवस मावळण्याआधी उतरावे' असे लिहिताना मी माझ्यासारख्या वाट माहीत असलेल्यांचाच विचार केला होता. इंद्रवज्राचे मात्र मला पटत नाही. साडेपाचला पाचनई सोडली तर आठपर्यंत कड्यावर आरामात पोहोचता येते आणि तेव्हाही सूर्य पाठीशीच असतो.

आजोळ अकोले यांचा प्रतिसाद वाचून मी माझी मागणी बदलतो. पूर्ण बंदी नको. तंबू स्थानिकांचेच असावेत, त्यांची संख्या ठरलेली असावी आणि ते कड्याच्या धारेपासून दूर, मंदिराच्या बाजूला असावेत. ध्वनिक्षेपक पाचनईतच ठेवून घ्यावेत. शेकोटीबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. माघानंतर माथ्यावरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि एक ठिणगी सारा उतार पेटवू शकते. शिवाय कड्याला आग्या मोहोळे असतात आणि धुराने ती उठली, तर पळायला एका बाजूला दरी असते.

आजोळ अकोले :
शेकोटी नको, हे मामेभावालाही मान्य होईल. तो स्वयंपाक गॅसवरच करतो. पण संख्या कोण ठरवणार? ते शहरात बसून ठरणार असेल तर आमचा विरोध राहील. ग्रामसभेने ठरवावे आणि वनविभागाने त्यावर शिक्कामोर्तब करावे.

कातळवेडा :
संख्येवर माझा आक्षेप कायम आहे, कारण मर्यादा आली की नोंदणी आली, आणि नोंदणी आली की साठ जागा आधीच अडवून ठेवणारेही तेच बसवाले असतील. मर्यादा घालायचीच असेल, तर ती एका गटातल्या माणसांवर घाला. बारापेक्षा मोठा गट माथ्यावर मुक्कामाला नको. मी स्वतः आता मंगळवार-बुधवार पाहून जातो. मागच्या खेपेला कड्यावर आमचे दोनच तंबू होते आणि रात्री दरीतून रातवा पक्ष्याचा आवाज सलग ऐकू येत होता.