मदत हवी आहे: रेशीम अळी क जीवनसत्त्व स्वतः बनवते का?

नमस्कार मंडळी,

गेवराई तालुक्यात आमची २ एकर व्ही-१ जातीची तुती आहे. रेशमाचं हे तिसरं वर्ष. कोष जालन्याच्या बाजारपेठेत नेतो.

प्रश्न काढला लेकीनं. नववीला आहे. शाळेतून ऐकून आली की माणसाच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आवळा-पेरूतून घ्यावं लागतं, शेळी मात्र स्वतःचं स्वतः बनवते. संगोपनगृहात पाला टाकताना विचारते, "बाबा, मग ही अळी कुणासारखी? आपल्यासारखी का शेळीसारखी?" मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून डोक्यातून जाईना, कारण माझं नुकसानही त्यातच अडकलंय असं वाटतंय. उन्हाळ्याच्या बॅचला दिवसभराचा पाला आम्ही सकाळीच कापून आणतो. ओल्या बारदानाखाली ठेवला तरी चार वाजेपर्यंत मलूल पडतो. गेल्या एप्रिलात चौथ्या मोल्टला (कात टाकायच्या वेळी) बऱ्याच अळ्या मागं राहिल्या, काही तर अर्धवट कात अंगावर घेऊनच मेल्या. सुकलेल्या पाल्यात हे जीवनसत्त्व राहतं का? एक दुकानदार क जीवनसत्त्वाची पावडर पाल्यावर फवारा म्हणतोय. फवारू का? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, पुढची बॅच तोंडावर आलीय.

प्रतिसाद

दादा, लेकीला सांगा, अळी आपल्यासारखीच. शेळीच्या यकृतात जे विकर या जीवनसत्त्वाची शेवटची पायरी पूर्ण करतं (गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज), त्याचं जनुक माणसात बिघडलेलं आहे आणि कीटकांत सापडतच नाही. म्हणून पानं खाणारे बरेच कीटक, रेशीम अळी आणि टोळ त्यात आले, ते पाल्यातूनच घेतात. रेशीम अळीसाठी जे कृत्रिम खाद्य बनवतात त्यात क जीवनसत्त्व वेगळं घालावं लागतं. टोळांना ते मिळालं नाही तर कात टाकतानाच अडकतात.

पण सगळे कीटक सारखे नाहीत. ड्रोसोफिला नावाची छोटी फळमाशी क जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावर वाढवली तरी तिच्या अंगात ते तयार होतं, असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. तेही ते जनुक नसताना! म्हणजे तिच्याकडं दुसरी वाट आहे. मला स्वतःला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

आता तुमचा पाला. कापल्यावर, उन्हात, सुकताना क जीवनसत्त्व घटत जातं हे खरं. पण पाणीही तेवढंच जातं, आणि अळी पाणी पाल्यातूनच घेते. शिवाय मोल्टच्या वेळी हवा फार कोरडी असली तरी कात सुटत नाही. तेव्हा दोष एकट्या जीवनसत्त्वावर टाकू नका. पावडरीचं म्हणाल तर मात्रा माहीत नसताना फवारू नका. आधी कापणी दोनदा करा, पहाटे आणि ऊन उतरल्यावर. मेलेल्या अळ्या पुन्हा दिसल्या तर तालुक्याच्या रेशीम अधिकाऱ्यांना दाखवा, रोगही असू शकतो.

धागाकर्ता

लई आभार ताई. पावडर घेत नाही. कापणी दोन वेळची करतो, मजूर नाही मिळाला तर मी आणि मंडळी उतरू वावरात. लेक आता फळमाशीच्या मागं लागलीय, केळीच्या सालीवर बसणारी तीच का म्हणून विचारतेय. आणखी एक, शेडमधली आर्द्रता मोजायला मीटर कोणतं घ्यावं? मोल्टच्या वेळी ते रॅकच्या कितव्या मजल्यावर टांगायचं?